जपानची जुन्या मालाची दुकानं आणि २००६ चा गोंधळ

जपानच्या उपनगरात हमरस्त्याकडेला 'हार्ड ऑफ' दिसलं की मी आत शिरतो आणि थेट निळ्या टोपल्यांकडे जातो. 'जंक' माल, चालला तर तुमचं नशीब, परत घेणार नाहीत!

हा धंदा तिथे १९४९ च्या कायद्याखाली चालतो. परवान्याचा अर्ज पोलिस ठाण्यात, कारण भीती चोरीच्या मालाची. १९९० मध्ये सागामिहारात 'बुक ऑफ' निघालं, १९९३ मध्ये निइगातात 'हार्ड ऑफ'. तेजीचा फुगा फुटला होता, लोक काटकसरीला लागले होते.

२००६ साली मात्र सगळं बुडायची वेळ आली. विद्युत उपकरणांच्या २००१ पासूनच्या सुरक्षा कायद्यातली पाच वर्षांची सवलत संपत होती. एप्रिलपासून नवा शिक्का नसेल तर विक्री बंद, जुन्या मालाचीसुद्धा! दुकानदारांना हे कळलं अगदी शेवटी. (सरकारी कारभार, दुसरं काय.) संगीतकार रियुइची साकामोतोंसारखी माणसं सह्या गोळा करायला उतरली, तेव्हा मंत्रालय नमलं. आधी जुन्या वाद्यांना सूट मिळाली, २००७ मध्ये कायदाच बदलला.

मागच्या खेपेला टोपलीत एक कॅसेट डेक सापडला. नवा शिक्का नाही. घरी आणून पट्टा बदलला, वाजतोय.