प्रोसेसनिर्मितीतील मेमरी व्यवस्थापन

चालू प्रोग्रॅमला कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतंत्र मेमरी आणि स्वतंत्र ओळख देतो. अशा चालू प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात. नवी प्रोसेस उभी करताना मेमरीचे काम किती आणि केव्हा करायचे, हा युनिक्स घराण्यातल्या कर्नलांपुढचा जुना प्रश्न आहे. जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात एखाद्या व्यापाऱ्याने अँड्रॉइड फोनवर पैसे पाठवण्याचे ॲप उघडले, की हाच प्रश्न क्षणार्धात सोडवला जातो. काम पुढे ढकलल्याने खर्च लांबतो, टळतोच असे नाही. म्हणून नवी प्रोसेस पालकाची, म्हणजे तिला जन्म देणाऱ्या प्रोसेसची, मेमरी खरोखर वापरणार आहे का, हे आधी पाहावे लागते.

युनिक्समध्ये 'फोर्क' ही कर्नलला दिलेली हाक पालक प्रोसेसची हुबेहूब दुसरी प्रोसेस, म्हणजे तिचे मूल, बनवते. आयआयटी मुंबईत ऑपरेटिंग सिस्टिम शिकवताना वापरली जाणारी एमआयटीची एक्सव्ही6 ही छोटी प्रणाली यासाठी पालकाची सगळी मेमरी पेजमागून पेज (पेज म्हणजे मेमरीचा ठरावीक मापाचा तुकडा) उतरवून काढते. मुलाने लगेच 'एक्झेक' करून दुसराच प्रोग्रॅम चढवला, तर ही सगळी मेहनत वाया जाते. यावर लिनक्सचा उपाय कॉपी-ऑन-राइट. वाटणी न झालेल्या जमिनीसारखी मेमरी सामाईक राहते. दोघांपैकी कोणी एखाद्या पेजवर लिहायला गेला, की तेवढ्याच 4 केबी पेजची वेगळी प्रत निघते.

पण पेज सामाईक ठेवली तरी त्यांची नोंदवही, म्हणजे पेज टेबल, मुलासाठी नव्याने लिहावीच लागते. एक्स86-64 वर प्रत्येक नोंद 8 बाइटची असते. 1 जीबी खासगी मेमरीत 2,62,144 पेज, म्हणजे 2 एमबी नोंदी. 64 जीबीच्या डेटाबेसला 128 एमबी. ही नोंदवही लिहून होईपर्यंत फोर्कची हाक परतत नाही आणि ती देणारा पालक खोळंबतो. 2 एमबीची मोठी पेज वापरली तर नोंदी 512 पटीने घटतात, हा उपाय सुचवला जातो आणि तो बिनबुडाचा नाही. मात्र मग एक बाइट बदलायला 2 एमबी उतरवण्याची पाळी येऊ शकते. रेडिस या डेटाबेसच्या मार्गदर्शनात मोठी पेज बंद ठेवायला सांगितले जाते ते याचसाठी. 2020 च्या 5.8 आवृत्तीपासून लिनक्स अशा वेळी मोठे पेज फोडून लहान प्रत काढू लागला.

जिथे मागोमाग एक्झेक व्हायचेच आहे तिथे नोंदवहीदेखील उतरवू नये. 1979 च्या 3बीएसडी या युनिक्स आवृत्तीतला 'व्हीफोर्क' हेच करतो: मूल पालकाचीच मेमरी वापरते आणि एक्झेक होईपर्यंत पालक थांबतो. हे धोक्याचे, कारण मुलाने केलेला बदल पालकाच्या मेमरीत राहतो. पण नवा प्रोग्रॅम थेट सुरू करणाऱ्या 'पॉझिक्स-स्पॉन' या हाकेत ही जोखीम लायब्ररी सांभाळते. लिनक्सवरच्या जीलिबसी या लायब्ररीने 2016 मध्ये हीच वाट धरली.

मग फोर्क मोडीतच का काढू नये? बाऊमन, अप्पावू, क्रीगर आणि रोस्को यांनी 2019 च्या निबंधात जवळजवळ तसेच सुचवले. सर्व्हर आणि शेलपुरते त्यांचे म्हणणे पटते. फोनवर ते अपुरे पडते. अँड्रॉइड सुरू होताना 'झायगोट' ही प्रोसेस हजारो क्लास मेमरीत चढवून ठेवते आणि प्रत्येक ॲप तिच्यातून फोर्कने निघते, एक्झेक न करता. इथे सामाईक मेमरी मुलाला शेवटपर्यंत उपयोगी पडते. कमी मेमरीच्या फोनवर चार ॲप एकावेळी तग धरतात, त्यात या सामायिकीचा वाटा मोठा आहे.

सुरक्षेचा आक्षेप मात्र खरा आहे. झायगोटच्या सगळ्या मुलांना मेमरीची मांडणी बरीचशी एकसारखी मिळते. एका ॲपमधून फुटलेला पत्ता दुसऱ्यावरच्या हल्ल्याला उपयोगी पडतो. म्हणून अँड्रॉइडवर आधारलेली ग्राफीनओएस ही प्रणाली प्रत्येक ॲप एक्झेकने ताजे उभे करते. तिथे ॲप थोडे उशिरा उघडते आणि मेमरी जास्त खाते. भरपूर मेमरीच्या फोनला हे परवडते; 2 जीबीच्या फोनवर त्यापायी मागे उघडे ठेवलेले ॲप आधी बंद पडेल.