बोस्टनचें ऋण

थोर पुरुषांचे पुतळे उभारण्याचा एक ठराविक शिरस्ता आहे. वर्गणी जमवावी, शिल्पकार गांठावा, एखाद्या मान्यवराच्या हस्तें पडदा दूर करवावा, आणि हार घालून आपण ऋणमुक्त झालों असें समजावें. परंतु पुतळ्यानें ऋण खरोखर फिटतें, कीं त्याची केवळ नोंद होते? बास्केटबॉलपटु बिल रसेल यांच्या स्मारकाचा इतिहास पाहतां हा प्रश्न आम्हांस टाळतां येत नाहीं.

रसेल यांचा जन्म १९३४ सालीं अमेरिकेच्या दक्षिण भागांत, लुइझियानांतील मनरो येथें एका कृष्णवर्णी कुटुंबांत झाला. १९५६ मध्यें ऑलिंपिकचें सुवर्णपदक मिळवून ते बोस्टन शहराच्या सेल्टिक्स संघांत आले, आणि पुढील १३ हंगामांत त्या संघानें ११ अजिंक्यपदें जिंकलीं. त्यांची कीर्ति मुख्यतः बचावाची. प्रतिपक्षानें टोपलीकडे फेंकलेला चेंडू ते हवेंतच अडवीत. तोहि प्रेक्षकांत भिरकावून न देतां आपल्या सोबत्याच्या हातीं पडेल असा. १९६६ मध्यें ते त्याच संघाचे मुख्य शिक्षक झाले. देशाच्या प्रमुख व्यावसायिक संघटनेंत हें पद मिळालेले ते पहिलेच कृष्णवर्णी गृहस्थ होत.

ज्या नगरास त्यांनीं एवढें वैभव दिलें, त्यानें त्यांस काय दिलें? बोस्टनजवळील रेडिंग गांवीं त्यांचें घर फोडून भिंतींवर वर्णद्वेषाच्या शिव्या लिहिल्या गेल्या व बिछान्यांत घाण करून ठेवण्यांत आली. १९६१ मध्यें केंटकींतील लेक्सिंग्टन येथें कृष्णवर्णी सोबत्यांस उपाहारगृहांत खाणें नाकारलें गेलें, तेव्हां रसेल प्रभृति खेळाडू सामना न खेळतांच परतले. मनाची ही तेढ दीर्घकाळ टिकली. १९७२ मध्यें त्यांचा ६ हा क्रमांक संघानें सन्मानपूर्वक राखून ठेवला, तो रसेल यांच्या इच्छेनुसार रिकाम्या क्रीडागृहांत, मोजक्या सोबत्यांसमक्ष. जाहीर सत्कार त्यांनीं स्वीकारला तो १९९९ सालीं.

स्मारकाची जागाहि बोलकी आहे. तें बोस्टनच्या नगरभवनापुढील चौकांत आहे. १९७४ मध्यें न्यायालयाच्या आज्ञेनें गोऱ्या व काळ्या मुलांस एकाच शाळांत आणण्यासाठीं बसगाड्यांची योजना झाली, आणि शहरांत दंगे उसळले. ५ एप्रिल १९७६ रोजीं याच चौकांत एका कृष्णवर्णी वकिलावर राष्ट्रध्वजाच्या काठीनें हल्ला झाला. त्या प्रसंगाच्या छायाचित्रास पुढें पुलित्झर पारितोषिक मिळालें.

२०११ सालीं अध्यक्ष ओबामा यांनीं रसेल यांस स्वातंत्र्यपदक देतांना बोस्टनमध्यें त्यांचा पुतळा व्हावा, अशी इच्छा प्रकट केली. रसेल यांस पुतळ्याची हौस नव्हती. शहरांतील मुलांस वडीलधाऱ्यांचें मार्गदर्शन मिळण्याची सोय त्यासोबत व्हावी, या इच्छेनें ते राजी झाले. १ नोव्हेंबर २०१३ रोजीं ॲन हर्श यांनीं घडविलेल्या ब्राँझच्या मूर्तीचें अनावरण झालें, तेव्हां ७९ वर्षांचे रसेल स्वतः उपस्थित होते. भोंवतीं ११ अजिंक्यपदांचे ११ पाषाणस्तंभ आहेत. मूर्तीच्या हातांत चेंडू आहे. तो टोपलींत टाकण्याचा आविर्भाव तींत नसून, दुसऱ्याकडे देण्याचा आहे. पुढें २०१५ मध्यें जवळच दोन बालकांच्या मूर्ति बसविल्या गेल्या.

रसेल २०२२ सालीं निवर्तले. आमच्या मतें या स्मारकाचें मोल ब्राँझपेक्षां त्यासोबत मागितलेल्या गोष्टींत अधिक आहे. ज्यांचा अपमान झाला, त्यांनीं मागितलें तें पुढील पिढीसाठीं. आमच्याकडे पुतळ्यांस तोटा नाहीं. पुढील पुतळ्याची वर्गणी मागावयास कोणी दारीं आलें, तर त्या थोर पुरुषास हयातींत आपण कसें वागविलें, आणि पुतळ्याखेरीज त्याचें कोणतें काम आपण पुढें चालविणार, एवढें तरी वाचकांनीं विचारावें.