पेरुंगुडीतला ‘डंप’ : पाच ओळी आणि त्यांवरील भाष्य

मूळ संहिता कुणा कवीची नाही. चेन्नईच्या दक्षिणेला पेरुंगुडीत संगणकाच्या कंपन्यांत नोकरीला आलेली मराठी मुले आपसांत जे बोलतात, त्यातल्या या पाच ओळी. पेरुंगुडी या नावाचा अर्थ मोठी वस्ती. तिच्या एका अंगाला राजीव गांधी सालै आणि काचेच्या इमारती, दुसऱ्या अंगाला पळ्ळिकरणैची दलदल आणि त्या दलदलीत रचलेला शहराचा कचरा. एकच इंग्रजी शब्द दोन्हीकडे दिवसभर वापरात असतो, म्हणून भाष्याला ही जागा निवडली.

ओळ १. ‘अरे, कालचा डंप पाठव ना, रिस्टोर मारायचाय.’

डंप : नाम, पुल्लिंगी. डेटाबेसमधला सगळा ऐवज एका फाइलीत ओतून काढला की तो डंप. पोस्टग्रेस वापरणाऱ्यांना ‘पीजी-डंप’ ही आज्ञा पाठच असते. परत भरायची आज्ञा ‘पीजी-रिस्टोर’.

येथे पूर्वपक्ष असा : ज्या फाइलीवर कंपनीचा जीव अवलंबून, तिला कचऱ्याचे नाव का? उत्तर : कचरा हा या शब्दाचा मूळ अर्थच नव्हे. डेन्मार्क-नॉर्वेकडच्या भाषांत याचे सख्खे क्रियापद धप्पकन पडण्याचे आहे, आणि शब्द बहुधा त्या आवाजावरूनच घडला. पुढे तो आणून ओतण्याला लागला. पहिल्या महायुद्धात आघाडीजवळ दारूगोळ्याचे तात्पुरते साठे लावत, त्यांनाही डंपच म्हणत; तो माल कुणी फेकलेला नव्हता, उद्या लागणारच होता. म्हणजे मालाची किंमत काय, याच्याशी या शब्दाला कर्तव्य नाही. तो एवढेच सांगतो की माल न निवडता, न लावता, एकदम ओतला.

मराठीची रीत उलटी. धान्याची रास, कडब्याची गंजी, भाताची उडवी, दगडांचा ढिगारा : आपण ढिगाला नाव देतो ते त्यात काय आहे ते पाहून. इंग्रजीने इथे तो कसा पडला ते पाहिले. ‘डंप’ला नेमका मराठी प्रतिशब्द सापडत नाही याचे कारण मला हेच वाटते, आपल्याकडे शब्द कमी नाहीत, फार आहेत.

ओळ २. ‘प्रोसेस मेली, कोअर डंप पडलाय बघ.’

‘पडलाय’ हे क्रियापद पाहावे. पाऊस पडतो, दरोडा पडतो, तसा हा डंप पडतो. कुणी घेत नाही. प्रोग्रॅम अचानक कोसळला की त्या क्षणी त्याच्या स्मृतीत जे होते ते जसेच्या तसे फाइलीत उतरते. हा पंचनामाच, फक्त पंचांशिवाय. ‘कोअर’ म्हणजे 1950 नंतरच्या दोन-अडीच दशकांतल्या संगणकांच्या स्मृतीत ओवलेल्या बारीक चुंबकीय कड्या. कड्या गेल्या, नाव राहिले.

ओळ ३. ‘नोटिस पिरियड संपला आणि सगळं माझ्यावर डंप करून गेला.’

यावर फार लिहायला नको. गळ्यात मारणे, माथी मारणे, अंगावर टाकणे एवढे आपल्याकडे आधीपासून आहे आणि ते अधिक बोचते. परदेशी बाजारात घरच्या भावापेक्षा स्वस्त माल ओतण्यालाही डंपिंगच म्हणतात. अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याला अवपुंजन म्हटले आहे. शब्द घडवणाऱ्याने ‘खाली’ आणि ‘ढीग’ दोन्ही पकडले, तरी वर्तमानपत्रे ‘अँटी-डंपिंग शुल्क’च छापतात.

ओळ ४. ‘तिनं त्याला डंप केलं म्हणे.’

ही ओळ मराठीत पूर्वी अशी म्हणता आली नसती. शब्दाची अडचण नव्हती, ‘टाकणे’ होतेच. पण ‘टाकली’ म्हटले की मराठी कानाला टाकणारा नवरा आणि टाकलेली बायकोच ऐकू येते. ‘नवऱ्यानं टाकलेली’ हे दोन शब्दांत माहेर, पोटगी, कुजबुज सगळे सांगून जाते. त्याचे कागदोपत्री रूप ‘परित्यक्ता’. त्याला पुल्लिंग व्याकरणात आहे, व्यवहारात नाही. ‘बायकोनं टाकलेला’ असे कुणी म्हणत नाही, म्हटले तर ते थट्टेत जाते.

‘डंप’ने दोन गोष्टी केल्या. कर्ता तीही असू शकते आणि कर्म तोही. दुसरे म्हणजे गोष्ट हलकी झाली. सोमवारी डंप झालेला मुलगा गुरुवारी कँटीनमध्ये स्वतःच ती सांगतो. हा हलकेपणा मला सर्वस्वी वाईट वाटत नाही. मात्र टाकलेल्या बाईबद्दल बोलताना कुणी ‘डंप’ वापरला तर ती भाषांतराची चूक नव्हे, लबाडी आहे.

‘म्हणे’वर इतकेच : खबर दिली, जबाबदारी घेतली नाही.

ओळ ५. ‘आज डंपचा वास येतोय, खिडकी लाव.’

काचेच्या इमारतींच्या खिडक्या उघडतच नाहीत. तेव्हा ही ओळ भाड्याच्या फ्लॅटमधली. इथला डंप खराखुरा. 1980च्या दशकापासून महापालिका इथे कचरा टाकत आली आणि ढीग सुमारे सव्वादोनशे एकरांवर पसरला. 27 एप्रिल 2022ला त्याला लागलेली आग काही दिवस धुमसत होती. त्याच वर्षी पळ्ळिकरणैच्या दलदलीला पाणथळ जागांच्या रामसर यादीत जागा मिळाली.

तमिळ वर्तमानपत्रे या जागेला ‘कुप्पै किडंगु’ म्हणतात. कुप्पै म्हणजे कचरा, किडंगु म्हणजे कोठार. अभ्यासकांच्या मते आपला ‘गुदाम’ हा शब्दही मलायमार्गे याच दाक्षिणात्य घराण्यातून आलेला असावा. मुंबईकर देवनारला नुसते ‘डंपिंग’ म्हणतो, पण पुणेकर उरुळी-फुरसुंगीला ‘कचरा डेपो’ म्हणतो, म्हणजे पुन्हा कोठारच. उरुळीच्या ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली ती या कोठाराविरुद्ध.

मग ‘उकिरडा’ का म्हणत नाहीत? त्याची व्युत्पत्ती संस्कृत ‘उत्कर’शी जोडतात. श्रौत यज्ञात वेदीची खणलेली माती आणि केर टाकायची जी ठरलेली जागा, ती उत्कर. यज्ञाच्या आखणीत तिलाही स्थान असे. खेड्यातला उकिरडाही असाच घराच्या हिशेबातला. शेण, राख, केर तिथे पडे, कुजे आणि पेरणीआधी गाडीत भरून शेतात जाई. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, ही म्हण त्याच अनुभवातली. पेरुंगुडीच्या ढिगाला त्याच्या दुप्पट-तिप्पट वर्षे लागली, कारण त्यात न कुजणारे फार होते.

2022पासून तो ढीग खणून काढायचे काम सुरू झाले. सरकारी नाव बायोमायनिंग. जुना कचरा उकरायचा, वाळवायचा, मोठ्या फिरत्या चाळण्यांतून घालायचा. माती वेगळी, दगड-विटा वेगळ्या, प्लास्टिक-चिंध्या वेगळ्या. जळण्याजोगे सिमेंटच्या भट्ट्यांना इंधन म्हणून जाते, माती सखल जागा भरायला. पहिल्या ओळीतला ‘रिस्टोर’ मात्र इथे लागू पडत नाही. फाइलीतला डंप परत भरला की जसा होता तसा उभा राहतो. इथे चाळणीखालून निघते ती ना घरातली वस्तू, ना मूळची दलदल.