रमाबाईंची आठ वर्षे

शाळेत इतिहास शिकवताना मी पंडिता रमाबाईंना दोन ओळींत संपवत असे. शारदा सदन, मुक्ती मिशन, सन लिहून घ्या, चला पुढे. त्यांनी धर्म बदलला हे घाईत सांगायचे आणि का बदलला ते सांगायचेच नाही. निवृत्तीनंतर त्यांची 1907 ची साक्ष सावकाश वाचली. तेव्हा कळले की खरी गोष्ट मी वर्गाबाहेरच ठेवली होती.

वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्या काळात बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवणारा माणूस! सारे कुटुंब तीर्थोतीर्थी पायी हिंडे. पुराण, उपवास, स्नान, दान, काही राहू दिले नाही. होते नव्हते ते दानात गेले आणि दुष्काळाने गाठले. वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. पुण्य इतके जोडूनही पुरे पडले असे कधी म्हणायचे, हा प्रश्न रमाबाईंपाशी राहिला.

29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथे गोष्ट संपली असे आपल्याला वाटते. पण त्या स्वतः सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालाच नाही. मधल्या काळात अमेरिका झाली, पुस्तक झाले, 1889 मध्ये मुंबईला शारदा सदन निघाले. काम डोंगराएवढे, मन मात्र अस्वस्थ. अशात हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र हाती आले. हे गृहस्थ कित्येक वर्षे चर्च सांभाळत होते, आणि 1851 मध्ये आपलेच प्रवचन देता देता त्यांचे स्वतःचे परिवर्तन झाले!

मराठी बायबलमध्ये यासाठी शब्द आहे, 'नीतिमान ठरवणे'. 'ठरवणे' हे क्रियापद न्यायालयातले. माणूस निर्दोष असतो म्हणून सुटत नाही. ख्रिस्तामुळे देव त्याला नीतिमान ठरवतो. माणसाने विश्वासाने ते फक्त घ्यायचे. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रातला हा विचार. उपवास आणि पापकबुली करून थकलेला जर्मन संन्यासी मार्टिन ल्यूथर याच पत्रापाशी थांबला आणि पुढे युरोपातले चर्च दुभंगले. या प्रश्नाच्या गाभ्यावर कॅथलिक आणि ल्यूथरपंथीयांनी एकमताची सही केली ती थेट 31 ऑक्टोबर 1999 ला, आउग्सबुर्गमध्ये.

माझ्यातल्या मास्तरणीला शंका आलीच. परीक्षेआधीच पास केले तर अभ्यास कोण करील? उत्तर रमाबाईंच्या पुढच्या आयुष्यात आहे. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावला शेकडो जणींना घर मिळाले. हिब्रू, ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणले. 5 एप्रिल 1922 ला गेल्या, तोवर हात थांबले नाहीत. काही मिळवायचे उरले नव्हते, म्हणूनच इतके देता आले असावे.

मी ख्रिस्ती नाही. आईचे चातुर्मासाचे नेम पाहत वाढले, त्यांना मी कमी लेखत नाही. पण या वयात रात्री झोप लागत नाही तेव्हा केलेले आणि राहिलेले यांची बेरीज मांडते. ती जमत नाही. मग रमाबाईंची ती आठ वर्षे आठवतात.

असो. तुमच्यापैकी कोणी अजून शिकवत असेल तर दोन ओळींवर थांबू नका, एवढेच.