लिनक्सला विषाणूची बाधा होते का?

संगणक आता मुरुडसारख्या बाजारपेठेच्या गावातही रुळला आहे. दुकानाचा हिशेब, शेताचा सातबारा, पोरांचे अर्ज, सारं त्याच्यावरच. तेव्हा विषाणूची धास्ती असायचीच. जाणकार म्हणतात, "लिनक्स घ्या, मग प्रतिबंधक नको!" हे कितपत खरं?

आपल्याकडचा दाखला पुण्याचा आहे. मूळ रहिमतपूरचे कैलास काटकर तिथं गणकयंत्रं दुरुस्त करीत. पुढं संगणक येऊ लागले, त्यांतले कितीतरी बाधलेले. धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उतारा लिहिला. १९९५ साली तो 'क्विक हील' नावानं बाजारात आला. तो काळ डॉसचा. डॉसमध्ये घरमालक आणि पाहुणा हा भेदच नव्हता. फ्लॉपीवरून जो आत आला, त्याला सारं घर मोकळं!

१९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्स रचायला घेतली, ती युनिक्सच्या वळणावर. इथं वापरणाऱ्याला आपल्या खोलीपुरताच अधिकार. तिजोरीच्या किल्ल्या मुख्य चालकाकडे. शिवाय मूळ आज्ञावली कुणीही वाचावी, दोष दिसला तर दाखवावा.

पण म्हणून रोग आलाच नाही, असं मात्र नाही. १९८८ च्या नोव्हेंबरात मॉरिसच्या किड्यानं युनिक्सचीच हजारो यंत्रं लोळवली. १९९६ साली 'स्टाओग' हा विषाणू लिनक्ससाठीच लिहिला गेला. २०१६ सालच्या 'मिराई'नं लिनक्सवर चालणारे कॅमेरे काबीज केले. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द लोकांनी बदललाच नव्हता. २०२४ साली तर 'एक्सझेड' या खुल्या साधनात एका विश्वासू झालेल्या सहकाऱ्यानंच चोरदरवाजा ठेवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला यंत्राशी जोडणी करताना अर्धा सेकंद जास्त लागला. का लागला, म्हणून तो खोदत गेला आणि चोरी उघडकीस आली.

मग, श्रोतेहो, करावं काय? घरच्या लिनक्सला वेगळं प्रतिबंधक सहसा लागत नाही. आज्ञावली अधिकृत भांडारातूनच घ्यावी, सुधारणा वेळेवर कराव्यात, परवलीचे शब्द बदलावेत. मात्र जे यंत्र इतरांची टपाल आणि फायली पोचवतं, ते स्वतः धडधाकट राहून विंडोजवाल्या शेजाऱ्याला रोग देऊ शकतं. तिथं तपासणी हवीच; त्यासाठी २००२ सालापासून 'क्लॅमएव्ही' हे खुलंच साधन आहे. घर कितीही पक्कं असलं, तरी दाराशी कोण आलं हे पाहण्याचं काम घरच्यांनाच करावं लागतं.