डूलाली (मायक्रोब्रुअरी, पुणे)

डूलाली ही पुण्यात २००९ साली सुरू झालेली मायक्रोब्रुअरी. जागेवरच बिअर तयार करून ती ताजी पाजायची, ही तिची रीत. मोहम्मदवाडी परिसरातल्या कोरिंथियन्स या हॉटेल-क्लबच्या आवारात ती प्रथम उघडली. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी हे तिचे संस्थापक. बिअरची जबाबदारी जर्मन ब्रूमास्टर ऑलिव्हर शॉफ यांच्याकडे होती. देशातली पहिली मायक्रोब्रुअरी असा तिचा उल्लेख वारंवार होतो. गुरगावातही त्याच सुमारास असे प्रयत्न सुरू झाले होते, त्यामुळे महाराष्ट्रातली पहिली म्हणणे अधिक निर्धोक. नाव नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीवरून घेतलेले आहे.

पुण्याला बिअर नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या फौजेची तहान भागवण्यासाठी मीकिन या इंग्रज ब्रुअरने रानीखेत, डलहौसी, चक्राता, दार्जिलिंग या थंड हवेच्या गावांबरोबर खडकीतही ब्रुअरी काढली होती. स्वातंत्र्यानंतर बिअर म्हणजे कारखान्यातून बाटलीबंद होऊन येणारी लागर, आणि पुढे तीही 'स्ट्राँग', असे समीकरण देशभर पक्के झाले. बिअर चवीसाठी प्यायची असते आणि तिचे डझनावारी प्रकार असतात, ही गोष्ट परदेशी जाऊन आलेल्यांनाच ठाऊक होती. डूलालीच्या संस्थापकांनाही हा नाद सिंगापूरच्या वास्तव्यात लागला. परतल्यावर त्यांच्यापुढे खरा डोंगर उभा होता तो परवान्याचा. महाराष्ट्रात मद्याचा सगळा कारभार १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली चालतो. मोठा कारखाना आणि परमिट रूम या दोन्ही गोष्टी उत्पादन शुल्क खात्याच्या ओळखीच्या होत्या. एकाच छपराखाली बिअर गाळणारे आणि तिथेच पेल्यात ओतणारे ठिकाण ओळखीचे नव्हते. ती वाट पाडून दिली, हे डूलालीचे श्रेय तिच्या बिअरइतकेच मोलाचे आहे. पुण्यात नंतर आलेले सगळे त्याच वाटेने आले.

मायक्रोब्रुअरीचे काम समजायला सोपे आणि करायला किचकट आहे. भरडलेला माल्ट (मोड आणून वाळवलेला जव) साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरवला की त्यातल्या पिठाची साखर होते. ते गोड पाणी गाळून हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) घालून उकळायचे, झटकन थंड करायचे, यीस्ट सोडायचे आणि टाकीत आंबू द्यायचे. एल प्रकारच्या बिअरना यासाठी २० अंशांच्या आसपासचे तापमान मानवते, म्हणून पुण्याच्या उन्हाळ्यात टाक्या सतत गार ठेवाव्या लागतात. माल्ट आणि हॉप्स बहुतांशी परदेशातून येतात. हॉप्सचे पीक भारतात हिमाचलच्या लाहौलसारख्या एखाद्याच खोऱ्यात निघते. कारखान्यातली बिअर गाळून, पाश्चराइझ करून महिनोन्महिने टिकवली जाते. इथे ते काहीच होत नाही. यीस्ट जिवंत असते, बिअर गढूळ दिसते, आणि दोन-तीन आठवड्यांत तिचा वास मंदावू लागतो. ब्रुअरी शहरात असण्याला अर्थ आहे तो यामुळेच.

डूलालीची जुनी ओळख म्हणजे हेफेवायझेन, बव्हेरियन पद्धतीची गव्हाची बिअर. पेला तोंडाजवळ नेला की आधी पिकलेल्या केळ्याचा वास येतो, मागून लवंगेचा. यात केळे नसते आणि लवंगही नसते. हे दोन्ही वास यीस्टच तयार करते. कडवटपणा नाममात्र, अंग भरलेले, फेस दाट. बाटलीतल्या लागरवर वाढलेल्या माणसाला पहिला घोट गोडसर वाटतो, पण शेंगदाणा मसाला किंवा कोळीवाडा कोळंबी समोर असेल तर ती गोडी तिखटाला छान आवरते. ब्रुअरीचे अ‍ॅपल सायडरही लोकप्रिय झाले. ते बिअरमध्ये मोडत नाही, सफरचंदाचा रस आंबवून होते, आणि बिअरचा कडवटपणा नको असलेल्यांना हक्काचे पेय मिळाले.

डूलालीच्या बिअरमध्ये सविस्तर बोलण्याजोगी आहे ती बेल्जियन विट. तिचे मूळ गाव ब्रुसेल्सच्या पूर्वेचे हुगार्डन. एकेकाळी तिथे तीसहून अधिक ब्रुअऱ्या होत्या. १९५० च्या दशकात शेवटची बंद पडली. पिएर सेलिस हा दूध घालणारा माणूस लहानपणी त्या ब्रुअरीच्या शेजारी वाढला होता आणि तिथे हाताखाली काम करत असे. त्याने १९६६ मध्ये स्वतःची छोटी ब्रुअरी थाटून ही बिअर परत आणली. १९८५ मध्ये ब्रुअरीला आग लागली, पुढे ती मोठ्या कंपनीच्या हाती गेली, आणि सेलिसने १९९० च्या दशकात अमेरिकेत टेक्सासमध्ये जाऊन पुन्हा विट गाळली. आज जगभरातल्या छोट्या ब्रुअऱ्या विट बनवतात ती या एका माणसाच्या चिकाटीमुळे.

विटमध्ये जवाच्या माल्टबरोबर जवळजवळ निम्मा कच्चा, माल्ट न केलेला गहू असतो. त्यानेच तिला दुधी, फिकट पिवळा रंग येतो. चव मात्र ठरते ती उकळीच्या शेवटी पडणाऱ्या दोन जिनसांवर : कडू संत्र्याची वाळवलेली साल आणि धणे. बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध नियमाने बिअरमध्ये पाणी, जव आणि हॉप्स एवढेच मान्य केले होते, मसाल्याला तिथे जागा नव्हती. जर्मन ब्रूमास्टरच्या हाताखाली पुण्यात धण्याची बिअर निघाली, ही म्हणूनच नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. युरोपातला धणा गोल आणि बारीक, आपला लांबट. लांबट धण्याला लिंबासारखा वास अधिक असतो, आणि परदेशातले काही ब्रुअरही विटसाठी तोच पसंत करतात. धणे भाजायचे नाहीत, फक्त जाडसर कुटायचे. भाजले की आमटीचा वास येतो. सालीचेही तसेच : आतला पांढरा भाग राहिला तर घशात कडू रेंगाळते.

चांगली विट ओळखायची ती धणे लपले आहेत यावरून. नाकाला संत्रे जाणवते, जिभेला गव्हाची किंचित आंबूस, मऊ चव, आणि घोट गिळल्यावर कुठेतरी मसाल्याची चाहूल लागते. धणे ओळखू आले तर प्रमाण चुकले. मद्यार्क साधारण पाच टक्क्यांच्या आत, त्यामुळे एप्रिल-मेच्या पुणेरी दुपारीही ती जड होत नाही. भेळ, सुरळीची वडी, साधे तळलेले बोंबील यांच्याबरोबर ती हेफेवायझेनपेक्षा सरस लागते. फार गार मात्र पिऊ नये. पेल्यावर दव धरेल इतकी गार असली की वास मरतो. पेल्यात संत्र्याचा काप टाकून देण्याची पद्धत आहे, पण नीट जमलेल्या विटला त्याची गरज नाही.

डूलालीने वाट मोकळी केल्यावर २०१४ च्या सुमारास मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आणि कोरेगाव पार्कात एफिंगट सुरू झाल्या. इंडिपेंडन्सची फोर ग्रेन सेझाँ ही बेल्जियमचीच दुसरी शाखा : वालोनियातल्या शेतमजुरांची बिअर, कोरडी, मिरीसारखी चुणचुणीत, विटपेक्षा जास्त धारदार. ग्रेट स्टेट एल वर्क्स या पुण्याच्याच ब्रुअरीने त्यापुढे पाऊल टाकून सॉल्टेड कोकम एल काढली. तिच्यात आमसुलाचा आंबटपणा आणि मिठाची किनार आहे, रंग गुलाबीकडे झुकतो, आणि सोलकढी माहीत असलेल्या जिभेला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. जर्मनीत लाइपझिगला मीठ आणि धणे घातलेली आंबट गोझं पितात, तिच्याशी या बिअरचे जवळचे नाते आहे. परदेशी शैली जशीच्या तशी उतरवण्यापेक्षा हा मार्ग पुण्याच्या ब्रुअरांनी अधिक धरावा. हॉप्स आणि माल्टसाठी बाहेर पाहावे लागले तरी आंबट, खारट आणि मसाल्याचे पदार्थ इथे घरचे आहेत.

डूलालीचा विस्तार पुढे मुंबईकडे झाला. २०१५ मध्ये अंधेरीत आणि नंतर वांद्रे-खार भागात तिच्या टॅपरूम उघडल्या. मोठमोठ्या टेबलांवर मांडलेले बैठे खेळ आणि कर्कश संगीताला दिलेला फाटा यांमुळे तिथे बोलत बसणाऱ्यांची गर्दी जमू लागली. २०२० च्या टाळेबंदीत बसून पिणे बंद झाले, टाक्यांतली बिअर वाया जायची वेळ आली, तेव्हा राज्याने मायक्रोब्रुअऱ्यांना ग्रोलरमधून, म्हणजे झाकणबंद मोठ्या बाटलीतून, बिअर घरी द्यायला परवानगी दिली. घरी आणलेली ग्रोलर लगेच फ्रीजमध्ये उभी ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी. एकदा झाकण उघडले की त्याच दिवशी. विट असेल तर शेवटचा पेला ओतण्याआधी बाटली हलकेच फिरवावी, म्हणजे तळाशी बसलेले यीस्टही पेल्यात येते.