३२-बिट यूईएफआय असलेल्या ६४-बिट संगणकांवर लिनक्स

प्रोसेसर ६४-बिट, पण संगणक सुरू करणारे यूईएफआय फर्मवेअर ३२-बिट, अशा यंत्रांवर लिनक्स बसवण्याची पद्धत. यूईएफआय फक्त स्वतःच्या बिटसंख्येचा बूटलोडर चालवते. त्यामुळे ६४-बिट इन्स्टॉलरचा नेहमीचा पेनड्राइव्ह लावला, तरी तो बूट मेन्यूत दिसत नाही किंवा निवडूनही सुरू होत नाही. यंत्र जुने आहे, लिनक्सला चालत नाही, असा समज यातूनच होतो.

आढळ : २००६ साली आलेल्या इंटेल मॅकमध्ये ३२-बिट ईएफआय होते. ६४-बिट कोअर २ ड्युओ प्रोसेसर आल्यावरही काही मॉडेलांत ते तसेच राहिले. २०१३ पासून ‘बे ट्रेल’ पिढीच्या अ‍ॅटम प्रोसेसरांच्या स्वस्त टॅब्लेटमुळे हा प्रकार फैलावला; एसूसचा ट्रान्सफॉर्मर बुक टी१०० हे त्याचे ठळक उदाहरण. २ जीबी मेमरीच्या अशा यंत्रांवर विंडोज ८.१ ची ३२-बिट आवृत्ती येई आणि यूईएफआयमधून सुरू होणाऱ्या विंडोजला फर्मवेअरही त्याच बिटसंख्येचे लागते. जुन्या बायोसप्रमाणे बूट होण्याची सोय यांपैकी बहुतेकांत नव्हती.

कार्यपद्धती : पेनड्राइव्हवरील ‘ईएफआय’ फोल्डरातल्या ‘बूट’ फोल्डरात ६४-बिट फर्मवेअर ‘बूटएक्स६४.ईएफआय’ ही फाइल शोधते, तर ३२-बिट फर्मवेअर ‘बूटआयए३२.ईएफआय’ शोधते. ही दुसरी फाइल म्हणजे ३२-बिट ग्रब हा बूटलोडर. तो ६४-बिट कर्नल मेमरीत चढवू शकतो; पण पुढे कर्नलला फर्मवेअरच्या सेवाही वापरायच्या असतात आणि त्या ३२-बिट असल्याने थेट वापरता येत नाहीत. जून २०१४ मधील लिनक्स ३.१५ मध्ये मॅट फ्लेमिंग यांचा ‘ईएफआय मिक्स्ड मोड’ आला आणि ही अडचण सुटली. फर्मवेअरची सेवा हवी असेल तेव्हा कर्नल तेवढ्यापुरता ३२-बिट पद्धतीत उतरतो आणि काम होताच ६४-बिटवर परततो. डेबियन ८ (२०१५) आणि फेडोरा २७ (२०१७) या लिनक्स वितरणांच्या इन्स्टॉलरांनी अशा यंत्रांना थेट आधार दिला.

टी१०० वर कर्नल आणि फर्मवेअर यांच्यातील या दुव्याचा उपयोग वाय-फायसाठीही झाला. त्यातील ब्रॉडकॉम चिपला लागणारी मांडणीची माहिती फर्मवेअरच्या एका व्हेरिएबलमध्ये असते; ती वाचून चिपच्या फर्मवेअर फोल्डरात फाइल म्हणून ठेवली की वाय-फाय चालू होते.

स्थापनेतील दक्षता : पेनड्राइव्ह सुरू झाला म्हणजे काम संपत नाही. डिस्कवरही ३२-बिट ग्रबच बसवावा लागतो. चुकून ६४-बिट ग्रब बसला, तर इन्स्टॉलेशन पूर्ण होऊनही यंत्र पुन्हा सुरू होत नाही. काही फर्मवेअर बूटची नोंद विसरतात, म्हणून ग्रबची एक प्रत ‘बूटआयए३२.ईएफआय’ या नावाने डिस्कच्या ईएफआय विभाजनात ठेवणे हिताचे. सुरुवातीच्या काही इंटेल मॅकवर एकाहून अधिक बूट नोंदी असलेली डीव्हीडी अडते. त्यांच्यासाठी डेबियनने वेगळी ‘मॅक’ प्रतिमा दिली.

महत्त्व : विंडोज ८.१ चा आधार जानेवारी २०२३ मध्ये संपला. अशा यंत्रांना सुरक्षा-सुधारणा मिळत राहण्याचा खात्रीचा मार्ग लिनक्सने खुला ठेवला. त्यामुळे ६४-बिट लिनक्स सुरू होत नाही एवढ्यावरून संगणक भंगारात काढणे चुकीचे ठरते. आधी फर्मवेअर किती बिटचे आहे ते तपासावे.